चाळिसापुढची कासवं

एके काळी कुपवाडच्या कारखान्यांकडं सकाळी आठला दुचाक्यांची जी रीघ लागायची, त्यातल्या निम्म्या गाड्यांच्या नंबरप्लेटी चांदसाहेब शिकलगारांच्या हातच्या असायच्या. लोक लांबून ओळखायचे. त्यांच्या आठाचं पोट चांगलं भरलेलं, साताच्या पायाला किंचित मुरड, आणि प्रत्येक आकड्याच्या उजव्या अंगाला बारीक करडी सावली. ही सावली म्हणजे त्यांची सहीच. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, शेड नको, पोलीस अडवत्यात." त्यावर चाचा म्हणायचे, "शेडबिगर आकडा म्हंजे मिशीबिगर फौजदार." आणि शेड द्यायचेच.

पुढं स्टिकर कापायची मशिनं आली. त्यामागून सगळ्या देशाला एकाच छापाच्या प्लेटी आल्या. चांदसाहेबांचा ब्रश रस्त्यावरून उतरला आणि रसायनाच्या पिंपांवर 'ज्वलनशील' लिहायला लागला. त्याचं त्यांनी फारसं वाईट वाटून घेतलं नाही. "पिंप पळत न्हाई, निवांत लिवता येतं," म्हणायचे. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस पत्र्याच्या खोपटाएवढ्या दुकानात दिवसभर बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी जायचा. घरात बायको मेहरुनबी आणि तिच्या पाळलेल्या सात कोंबड्या. लेकी लग्न होऊन आपापल्या घरी सुखात होत्या.

संक्रांत होऊन चारच दिवस झाले असतील. दुकानापुढं एक स्कूटर थांबली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी उतरली. डोक्याला रुमाल, पायात चिखलानं माखलेले बूट.

"चाचा, अंगठ्याएवढ्या जागेत नंबर लिहून द्याल का? पण पाण्यात राहून टिकला पाहिजे."

"लिवू की. गाडी कंची?"

"गाडी नाही. कासव हाय."

चांदसाहेबांनी कानातली काडी काढली. "काय म्हणालीस?"

ती चंदना मगदूम. सांगलीच्या एका कॉलेजात तळ्यांमधल्या जीवांवर पीएच. डी. करत होती. कुपवाडपासून सात-आठ किलोमीटरवर हिंगणेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या तळ्यात टणक पाठीची काळी कासवं आहेत. तळं गाळानं भरत आलेलं. उन्हाळ्यात पोकलेन लावून गाळ काढायचं ठरलेलं. पण तळ्याच्या कमिटीचे अध्यक्ष रामगोंडा पाटील यांनी सांगून टाकलं होतं की आधी कासवं बाहेर, मग यंत्र आत. आता कासवं बाहेर काढायची तर ती किती आहेत हे कळायला नको? गावात विचारलं तर एक म्हणे वीस, दुसरा म्हणे हजार. एका म्हातारीनं तर लाख सांगितली होती.

"मग मोजा की," चांदसाहेब म्हणाले.

"पाण्याखाली हायत, चाचा. सगळी एकदम कशी दिसतील? म्हणून थोडी धरायची, त्यांच्या पाठीवर नंबर टाकायचा आणि सोडायची. पंधरा दिवसांनी परत धरायची. त्यात नंबरवाली किती येत्यात त्यावरून सगळ्यांचा आकडा काढता येतो."

"न बघितलेल्यांचाबी?"

"न बघितलेल्यांचाबी."

चांदसाहेब हसले. इतकी वर्षं त्यांनी न बघितलेल्या गाडीचा नंबर कधी लिहिला नव्हता. पण कासवाच्या पाठीवर आकडा काढायचा म्हटल्यावर हाताला मुंग्या आल्या. दुकानाला कुलूप घालून ते तिच्या मागोमाग निघाले.

हिंगणेवाडीच्या घाटावर रामगोंडाआण्णा वाटच बघत होते. पंच्याहत्तरीचा ताठ म्हातारा, पांढरी टोपी, हातात चुरमुऱ्यांची पिशवी. रोज सकाळी जैनांच्या बस्तीत दर्शन घेऊन आलं की घाटावर बसून कासवांना चुरमुरे टाकायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. चंदना त्यांच्याच नात्यातली, पण म्हणून तिला काही सूट नव्हती. तिचा पहिला बेत आण्णांनी केव्हाच मोडून काढला होता. कवचाच्या काठाला कानशीनं बारीक खाच पाडायची, ती वर्षानुवर्षं टिकते, असं तिनं सांगितलं होतं.

"कानस?" आण्णा म्हणाले होते. "तुज्या नखाला कानस लावून घे आदी, मग मला सांग. जीव हाय त्यो. खाच न्हाई, भोक न्हाई, काय न्हाई."

दुखत नाही, नखासारखंच असतं ते, असं तिनं परोपरीनं सांगितलं. आण्णा हलले नाहीत. आमिष म्हणून मासळी लावायचीही बंदी. म्हणून पिंजऱ्यात पिकलेली पपई आणि काकडी. आणि खाचेच्या जागी रंग. रंग आला म्हणून पेंटर आला.

वनखात्याची परवानगी आली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. तळ्याच्या चारी अंगांनी पिंजरे लावले. पपईला कासवं भुलली. पहिल्या दिवशी एकवीस, दुसऱ्या दिवशी सव्वीस, तिसऱ्या दिवशी तेरा. सगळी मिळून साठ.

चांदसाहेब घाटाच्या सावलीतल्या पायरीवर गोणपाट टाकून बसले. चंदना एकेक कासव ओल्या फडक्यात धरून द्यायची. ते पाठीवरची जागा पुसायचे, कोरडी करायचे, झिजलेल्या पॉलिश पेपरनं पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन हलकेच घासायचे आणि मग ब्रश टेकवायचे. पहिल्या कासवानं मान आत ओढून फुस्स केलं. चांदसाहेब त्याला म्हणाले, "गप रं गड्या, फुकटात नंबर मिळतोय तुला. पासिंगबी न्हाई, टॅक्सबी न्हाई."

चंदनानं रंगाची एकच छोटी बाटली आणली होती. पुण्याहून मागवलेली, कासवाला बाधणार नाही आणि पाण्यात सुटणार नाही असा पांढरा रंग. सोबत तो अगदीच घट्ट झाला तर घालायला पातळ करायचं औषध, तेही थेंबानं मोजून. "चाचा, साधा आकडा काढा. बारीक. बाटली साठाला पुरवायची हाय."

साधा आकडा! चांदसाहेबांनी पहिला एक साधा काढला. दुसरा दोनही साधा काढला. तिसऱ्याला त्यांचा हात राहिना. काळ्याभोर पाठीवर पांढरा तीन असा काही उठून दिसला की त्याला सावली दिल्याशिवाय सोडणं पाप वाटलं. त्यांनी पांढऱ्यात जरा काजळी कालवली आणि उजव्या अंगाला बारीक शेड ओढली. आण्णांनी वाकून बघितलं. "वा पेंटर! सरपंचाच्या गाडीवर नसंल असा नंबर." झालं. त्यानंतर प्रत्येक कासवाला शेड. आठाचं पोट दोनदा भरलं. चंदना पिंजऱ्यांकडं धावत होती, वजनं करत होती, फोनवर प्रत्येक पाठीचा फोटो काढत होती. बाटलीकडं तिचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाळिसावं कासव झालं आणि चांदसाहेबांनी बाटली उपडी करून बघितली. तळाशी चमचाभर रंग. अजून वीस कासवं टोपलीत खुडबुडत होती. पोरीला सांगावं तर ती म्हणणार, शेड नको म्हणून सांगितलं होतं ना. मग त्यांनी दुसरी बाटली उचलली, पातळ करायचं औषध थेंबानं न मोजता सरळ ओतलं आणि काडीनं ढवळलं. रंग वाढला. दूधवाल्याचा धडा कुणालाही येतो. एकेचाळीसपासून साठपर्यंतचे आकडे त्यांनी शेड न देता, भराभर काढले. दिसायला पांढरेच होते. संध्याकाळी साठही कासवं तळ्यात डुबुक डुबुक करत गेली.

घरी आल्यावर मात्र त्यांना राहवेना. न बघितलेलं मोजता येतं म्हणजे कसं? चंदनानं घाटावर खडे मांडून समजावलं होतं. तेव्हा मान हलवली होती, पण मान हलवणं वेगळं नि पटणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी मेहरुनबीच्या फडताळातून पांढऱ्या पावट्याची बरणी काढली. पन्नास पावटे मोजून घेतले, त्यांना लाल खायचा रंग लावला, वाळवले, परत बरणीत घातले आणि बरणी जोरजोरात हलवली.

"काय चाललंय हे?" मेहरुनबी पदराला हात पुसत आली.

"गप बघ. ही बरणी म्हंजे तळं."

डोळे मिटून त्यांनी मूठ भरली. चौसष्ट पावटे निघाले, त्यात आठ लाल. "आठात एक लाल. मुठीत आठात एक, म्हंजे बरणीतबी आठात एक. आन बरणीत लाल किती? पन्नास. मग सगळे किती? आठ पंचे चाळीस, चारशे!" परत बरणीत ओतून परत मूठ भरली; या वेळी तीनशे चाळीस आले. तिसऱ्यांदा सव्वाचारशे.

"एकदा हे, एकदा ते," मेहरुनबी म्हणाली. "ह्याला मोजणं म्हणत न्हाईत, जुगार म्हणत्यात." आणि ती परातीत बरणी उपडी करून खरंच एकेक पावटा मोजायला बसली. अर्ध्या तासानं मान वर केली. "तीनशे सत्त्याऐंशी."

चांदसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! मुठीनं वाट बरोबर दावली का न्हाई? जरा हिकडं, जरा तिकडं, पर गाव तेच!"

मेहरुनबीनं पावटे धुवायला पाण्यात टाकले. पाणी लाल झालं आणि पावटे सगळे सारखेच पांढरे झाले. "घ्या," ती हसली, "गेली तुमची खूण पाण्यात. आता काढा मूठ नि सांगा किती ते." चांदसाहेबही हसले. हसण्यावारी नेलं, एवढंच.

पंधरा दिवसांनी परत पिंजरे लागले. या खेपेला पन्नास कासवं आली. त्यात नंबरवाली दहा. चार, नऊ, तेरा... नंबर दिसला की चांदसाहेब लग्नात पाहुणा भेटल्यासारखे ओरडायचे. रंग जसाच्या तसा, शेडसुद्धा शाबूत. चंदनानं घाटावरच हिशोब मांडला. पन्नासात दहा, म्हणजे पाचात एक नंबरवालं. नंबर घातलेली साठ. साठ पंचे तीनशे.

"तीनशे!" रामगोंडाआण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज चुरमुरे टाकताना त्यांना दहा-बारा तोंडं दिसायची. खाली तीनशे जीव आहेत हे कळल्यावर म्हातारा पोराच्या बारशाला आल्यागत खुलला. लगेच गावात पेढे वाटले. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, "तीनशे कासवं हायती. तीनशे भायेर आल्याबिगर पोकलेनचा दात गाळाला लागू देणार न्हाई. मग पावसाळा आला तरी चालंल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाळ काढणाऱ्या ठेकेदारानं तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत.

गावानं ठरवलं की घाटावर पाटी लावायची. आणि पाटी रंगवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. पत्रा आला. वर मोठ्या अक्षरात 'हिंगणेवाडी तळे : अंदाजे ३०० कासवे', आणि पोरांना ओळखता यावीत म्हणून खाली परत भेटलेल्या दहा कासवांचे नंबर, असा मजकूर चंदनानं लिहून पाठवला होता.

चांदसाहेबांनी दुकानात पत्रा उभा केला. पांढरा हात मारून वाळवला, पेन्सिलीनं रेघा आखल्या आणि दुपारच्या चहानंतर चिठ्ठी समोर ठेवून नंबर आखायला घेतले. चार. नऊ. तेरा. सतरा. एकवीस. बावीस. अठ्ठावीस. एकतीस. छत्तीस. अडतीस.

पेन्सिल थांबली. त्यांनी चिठ्ठी उलटून बघितली. मागं काही नव्हतं. परत वरून खाली वाचलं. अडतीसच्या पुढं एकही नाही. चाळीसच्या पुढची वीस कासवं तळ्यात सोडली होती आणि त्यातलं एकही पिंजऱ्यात आलं नव्हतं. चाळिसात दहा भेटावीत आणि विसात एकही भेटू नये? चाळिसात दहा, तर विसात पाच तरी यायला पाहिजे होती. परातीतलं लाल पाणी त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. आली असणार. पाचही आली असणार. पण पाठ कोरी घेऊन. पातळ केलेला रंग धुऊन गेला होता, आणि ती पाच कासवं बिननंबरवाल्यांत मोजली गेली होती. दहाच्या जागी पंधरा धरली तर तीनशेची दोनशेच उरत होती.

त्या दिवशी चहाला आलेलं एक जुनं गिऱ्हाईक सांगतं, चाचा पाटीपुढं बसून पाचा-विसाचे पाढे पुटपुटत होते.

घरी गेल्यावर त्यांनी मेहरुनबीला सगळं सांगितलं. आकड्याला शेड देण्यापासून ते बाटलीत औषध ओतण्यापर्यंत.

"मग सांगून टाका की पोरीला."

"आगं, गावानं पेढं वाटल्यात. आण्णा रडलेत तीनशे ऐकून. आता मी जाऊन सांगू, की शंभर कासवं माज्या ब्रशातनं आल्यात म्हणून? चाळीस वर्सांत एक नंबर पुसला गेला न्हाई माजा. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील तवा म्हणतील. तळ्यात न्हाईत ती शंभर कासवं त्यो म्हातारा शोधणार कुठं? पाऊस येईस्तवर चिखल चाळत बसंल. आन तुमी हितं पिंपावर 'ज्वलनशील' लिवत बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हिंगणेवाडीत होते. पाटी आणली नव्हती. घाटावर आण्णा चुरमुरे टाकत होते, चंदना पाण्याची खोली मोजत होती. चांदसाहेबांनी चपला काढल्या, पायरीवर बसले आणि खाली बघतच सगळं सांगितलं. शेड, रिकामी बाटली, औषध. "पोरी, तू साधा आकडा म्हणालीस. मला राहवलं न्हाई. चाळीसपातुर रंग होता, त्याच्या फुडं नुसतं पाणी समज."

चंदनानं वही उघडली आणि ते दहा नंबर परत वाचले. तिचा चेहरा उतरला. चांदसाहेबांना वाटलं, आता ही रडणार. पण ती स्वतःवरच चिडली होती. "मला दिसायला पाहिजे होतं, चाचा. दहाच्या दहा चाळीसच्या आत. मी नुसती संख्या बघितली, नंबर बघितलेच नाहीत."

मग तिनं फोन काढला. दुसऱ्या खेपेच्या पन्नासही पाठींचे फोटो त्यात होते. तिघं पिंपळाखाली डोक्याला डोकं लावून बसली. बोटांनी फोटो मोठा करायचा, बघायचं, पुढं सरकायचं. आण्णांना चष्म्यातूनही काही दिसेना, पण चांदसाहेबांची नजर पत्र्यावरचा केसाएवढा ओरखडा हेरणारी. सोळाव्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "थांब. हे बघ." काळ्या चकचकीत पाठीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा मंद दिसत होती. पॉलिश पेपरनं घासलेला चौकोन! रंग गेला होता, घासलेलं राहिलं होतं. कोऱ्या चाळीस पाठींत असे चार चौकोन स्वच्छ सापडले, आणि पाचव्याबद्दल दोघांचं जमेना. चांदसाहेब म्हणत, आहे. चंदना म्हणे, शेवाळ आहे.

चंदनानं दोन तऱ्हांनी हिशोब केला. पातळ रंगाची वीस सोडून द्यायची, आणि फक्त पक्क्या रंगाची चाळीस धरायची. पन्नासात दहा, म्हणजे पाचात एक. चाळीस पंचे दोनशे. आणि चौकोनवाली चार मिळवून चौदा धरली तर साठावर दोनशे चौदा.

"म्हंजे दोनशेच्या आसपास," ती म्हणाली. "तीनशे न्हाईत, आण्णा."

म्हाताऱ्यानं पिशवीतले चुरमुरे मूठभर काढून त्यांच्या हातावर ठेवले.

"खा. पेंटर, शंभर कासवं मेली आसती तर मला दुःख झालं आसतं. ती तर जल्मलीच न्हवती. त्यांचं सुतक कशाला धरायचं?" मग मिश्कील हसून म्हणाले, "पर पेढ्याचं तेवढं बघ. शंभर कासवांचं पेढं गावानं फुकट खाल्लं."

पुढच्या ग्रामसभेत चांदसाहेब स्वतः उभे राहिले. आण्णा म्हणाले होते, मी सांगतो. पण ह्यांनी ऐकलं नाही. "चूक ब्रशाची हाय, तर ब्रशवाल्यानंच सांगावं," म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी टोमणा मारला, "चाचा, माज्या गाडीचा नंबरबी बघा, जाग्यावर हाय का!" सगळी सभा हसली. चांदसाहेब त्याला म्हणाले, "तुज्या गाडीला शेड हाय का बघ. आसंल तर तुज्या नातवाला कामाला येईल." त्यावर आणखी हसले. चांदसाहेब खाली बसले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती, पण त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले असं मेहरुनबी सांगते.

एप्रिलात पाणी उतरलं. मोटर लावून उरलेलं पाणी उपसायला घेतलं आणि अख्खं गाव तळ्यात उतरलं. वनरक्षक काठावर नोंद घेत उभे. द्राक्षांचा हंगाम नुकताच सरलेला, त्यामुळे घराघरातून द्राक्षांचे रिकामे क्रेट आले. दोनशेचा अंदाज असल्यामुळं चंदनानं क्रेट, ओली गोणपाटं, ट्रॅक्टरच्या खेपा सगळं त्या बेतानं आखलं होतं. कासवं आण्णांच्या मळ्यातल्या शेततळ्यात जायची होती.

मेहरुनबीही आली होती. गुडघाभर चिखलात उभी राहून ती कासव असं उचलायची जणू खुराड्यातून कोंबडी काढतेय. "आवं, हे बघा, तुमचं अडतीस!" तिनं वर धरलं तेव्हा ऊन पडून शेड चमकली. सगळ्यांनी बघितलं. चांदसाहेबांनी लाजून डोक्यावरची टोपी सारखी केली.

पहिल्या दिवशी एकशे चार. दुसऱ्या दिवशी एकसष्ट. तिसऱ्या दिवशी तेवीस. एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चिखल हातांनी चाळला, काही निघालं नाही. ठेकेदार घड्याळ बघत होता. आण्णा काठावर उभे, ओठ आवळलेले.

"चंदना, दोनशे म्हणालीस. बारा कुठं हायती?"

"आण्णा, दोनशे म्हंजे बरोब्बर दोनशे न्हाई. एकशे ऐंशी आसतील, सव्वादोनशेबी आसतील. मी खात्रीनं न्हाई सांगू शकत."

तेव्हा चांदसाहेब मधे पडले. पावट्याची गोष्ट त्यांनी सांगितली. मुठीनं चारशे म्हटले होते, बरणीत तीनशे सत्त्याऐंशी निघाले. तेराचा फरक. ते तेरा पावटे कुठं सांडले नव्हते. मुठीची ती रीतच. "आण्णा, आकड्याच्या मागं किती पळायचं? आता आकडा न्हाई, चिखल सांगंल. आजचा दिवस अजून हातानं बघू. न्हाई घावलं तर समजा की संपली."

आण्णांनी मान हलवली. परत रांग धरली. पोरं, बाया, म्हातारे, खांद्याला खांदा लावून, बोटांनी चिखल चाचपत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. पाच वाजायच्या सुमाराला वडाच्या मुळाखालच्या कपारीतून एक निघालं. पाणी लावून पुसलं. मंद चौकोन, कोरी पाठ. एकशे एकोणनव्वद. त्याच्यानंतर काही नाही. आण्णांनी स्वतः एकदा काठाकाठानं फेरी मारली, हात जोडले आणि पोकलेनवाल्याला म्हणाले, "घाल आत."

काम वेळेत झालं. जूनच्या पावसात तळं भरलं, ऑगस्टात कासवं परत सोडली. घाटावर पाटीही लागली. तिच्यावर तीनशेही नाहीत आणि दोनशेही नाहीत. 'येथे १८९ कासवे राहतात. हळू बोला' असं आहे. 'हळू बोला' ही भर आण्णांची.

चांदसाहेबांना मात्र त्या वर्षी दुकानात स्वस्थ बसणं काही जमलं नाही. चंदनाच्या कॉलेजातल्या बाईंना कोयनानगरच्या वरच्या सड्यावरची फुलं मोजायची होती. एवढ्या मोठ्या कातळपठारावर एकेक फूल कोण मोजणार? म्हणून एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट घ्यायची, ती इथं तिथं टाकायची, चौकटीतलं मोजायचं आणि त्यावरून सगळ्या सड्याचा अंदाज बांधायचा. चौकटी बनवायला नि त्यांवर खुणा रंगवायला माणूस पाहिजे होता. चंदनानं एकाच माणसाचं नाव सांगितलं. सप्टेंबरात चांदसाहेब एसटीनं कोयनेचा घाट चढले. दोनदा गाडी थांबवायला लावली, पोटात काही राहिलं नाही. वर पोचले तर सगळा सडा जांभळा-पिवळा झालेला.

पहिल्याच दिवशी तिथल्या एका पोरानं चौकट नेमकी दाट फुलांवर ठेवली. चांदसाहेबांनी ती उचलली. "असं न्हाई रं बाबा. चांगलं बघून ठेवलीस तर फुलं वाढत्यात, सड्यावर न्हाई, तुज्या वहीत. डोळं झाकून टाक." त्यांनी पाठ केली, खांद्यावरून मागं चौकट भिरकावली आणि वळून बघितलं. ती उघड्या कातळावर पडली होती. आत एकही फूल नव्हतं.

"आता काय लिवायचं, चाचा?"

"शून्य लिव," चांदसाहेब म्हणाले. "आन नीट, मोठा लिव. त्योबी आकडाच हाय."